ऑपरेटरची चूक

माझ्या गाडीतला टेप तापायचा आणि घरातल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: मी. "आवाज केवढा ठेवतेस," नवरा म्हणाला. सासरे तेवढ्यावर थांबले नाहीत. "एक दिवस वायरिंग पेट घेईल. विकून टाक गाडी. कंपनीची बस आहे ना?"

बस होतीच. सात वर्षं मी तिनेच निगडीहून चाकणला गेले, भल्या पहाटे चौकात उभी राहून आणि येताना गावभर फिरत. ही जुनी गाडी माझ्या पगारातून घेतली तेव्हा कुठे दिवसातले दोन तास माझे झाले. त्या दोन तासांत मला कोणी भाजी काय करायची ते विचारत नाही. मी गाणी लावते आणि बेसूर गाते. ते सोडायला मी तयार नव्हते. पण सासऱ्यांनी ओळखीतल्या एकाला रविवारी गाडी बघायला बोलावलंही होतं. मला न विचारता.

टेप नवा होता, बसवून जेमतेम पंधरा दिवस झालेले. पहिले चार-पाच दिवस छान वाजला. मग तळवडे ओलांडलं की आवाज फाटायला लागला आणि थोड्या वेळाने टेप आपोआप बंद. वर बोट ठेवलं तर चटका.

मी कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करतात. का झालं, आणि जे उत्तर येईल त्याला पुन्हा का, असं पाच वेळा. त्यात एक उत्तर मी कोणाला लिहू देत नाही: ऑपरेटरची चूक. मी स्वतः लाइनवर ऑपरेटर होते. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी जवळून बघितलंय.

म्हणून कागद घेतला. सोमवारी टेप अगदी हळू लावला. तापला. मंगळवारी एसी फुल. तरी तापला. बुधवारी डॅशबोर्डखाली हात घालून वायरी चाचपल्या, त्या गार होत्या. फ्यूजही शाबूत. म्हणजे वायरिंग पेट घेणार वगैरे सगळं उचलली जीभ लावली टाळ्याला. पण टेप का तापतो ते काही कळेना.

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर दिघीला एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी माझा कागद न हसता पूर्ण वाचला. एवढ्यानेच मला बरं वाटलं. मग मीटर लावला. "करंट बरोबर घेतोय मॅडम. वाजणारी पेटी हाय, तापणारच. तापतो का ते सोडा. निवत का न्हाई ते विचारा."

चार दिवस मी चुकीचा 'का' विचारत होते.

त्यांनी दोन पट्ट्या कडेने सरकवून टेप बाहेर ओढला. मागे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर, निळा फोम ठासून भरलेला.

"फिटिंगवाल्याने घातला?"

"त्याच्याकडं हा कुठून येणार? हा कंपनीतला पॅकिंगचा फोम हाय."

तो फोम मी ओळखला. आमच्या घरात कपाटांच्या दारांना, खिडक्यांना, अगदी मिक्सरखालीही त्याचे तुकडे आहेत. सासरे आकुर्डीच्या कारखान्यातून रिटायर झाले, सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये. खडखड म्हणून त्यांना सहन होत नाही. टेप बसवल्यावर एकदा गाडीत बसले होते तेव्हा म्हणाले होते, डॅशबोर्ड वाजतोय. किल्ली तर खुंटीलाच असते.

मला संताप आला. घरी जाऊन फोम त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

त्यांनी तो बोटांनी दाबून बघितला. "खडखडत होतं," म्हणाले.

"मला विचारायचं ना, बाबा."

"त्यात विचारायचं काय?"

हे पाचव्या 'का'चं उत्तर होतं. मी ते कागदावर लिहिलं: 'गाडीच्या मालकिणीला विचारायचं असतं हे कोणाला माहीतच नाही.' आणि कागद फ्रिजवर लावला, दुधाच्या हिशोबाच्या वर. नवऱ्याने वाचला आणि भाजी चिरायला घेतली. "रविवारच्या माणसाला तुम्हीच फोन करा," मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी केला, आतल्या खोलीत जाऊन, हळू आवाजात.

रविवारी, तो माणूस यायचा होता त्याच वेळेला, मी सासऱ्यांना गाडीत घालून आकुर्डीपर्यंत नेलं. स्पीडब्रेकरवर डॅशबोर्ड वाजला. त्यांचा हात पुढे गेला.

"खडखडतंय," ते म्हणाले.

"खडखडू दे," मी म्हणाले, आणि टेपचा आवाज वाढवला.