मावशीच्या हाताला दिलेला दोष

मावशीबद्दल लिहायला बसलोय खरा, पण आधीच सांगतो, यात माझी अब्रू जाणार आहे. जाऊ दे.

आमच्या खानावळीच्या चारी बाजूंना ऑफिसं. वडिलांनी जागा घेतली तेव्हाच मावशी स्वयंपाकाला लागली. मी तेव्हा दप्तर पिठाच्या पोत्यावर फेकून तिथेच जेवायचो. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, पण समोरच्या बँकेचा पिकल्या केसांचा मॅनेजरसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. वडील वारल्यावर गल्ल्यावर मी बसू लागलो, तेव्हापासून गिऱ्हाइकांसमोर ती मला मालक म्हणायची आणि आत गेलो की, "अरे गाढवा, बाजूला हो, तेल उडेल!"

तिचा अंदाज म्हणजे काय सांगू! सकाळी दहाला मागच्या दारातून ऑफिसांच्या पार्किंगवर एक नजर टाकायची आणि म्हणायची, "आज एकशेऐंशी." दुपारी ताटं मोजा, दोन इकडे नाहीतर दोन तिकडे. आणि तिचा एक नियम होता. चार वाजता रश्श्याचं पातेलं घासून पालथं पडलंच पाहिजे. उरलेलं वाटून टाका, फेका, काय वाटेल ते करा, पण दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाइकाच्या ताटात जाता कामा नये. वडिलांनाही तिने हे तोंडावर सुनावलं होतं.

मग लोक घरून काम करायला लागले. मला वाटलं, महिना-दोन महिने चालेल. कसलं काय! काही कायमचे घरी बसले, काही मंगळवार-बुधवारी उगवायचे. मावशी दारात उभी राहून रिकाम्या पार्किंगकडे बघत राहायची. ऐंशी जणांचं रांधलं की तीस यायचे, तीस जणांचं केलं की नेमकी कुठल्यातरी मीटिंगची झुंड येऊन थडकायची. दोघे वाढपी गेले, भांडी घासणारी बाई गेली. राहिली मावशी. तिला जा म्हणायची माझी छाती होत नव्हती. तिच्या हातचं खाऊन वाढलो, कुठल्या तोंडाने सांगणार?

पण रोज अर्धं पातेलं वाया जाताना बघून माझा जीव तुटायचा. शेवटी मी नको ते केलं. वाटून टाकतो असं तिला सांगून उरलेला रस्सा डब्यात भरायचो आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला लपवायचो. वाढपी गेल्यापासून ताटं मीच वाढत होतो, त्यामुळे बाहेरच्या भांड्यात कालचा रस्सा ताज्यात मिसळला तरी आत तिला पत्ता लागायचा नाही. पंधरा दिवस कुणालाच कळलं नाही. वर मी स्वतःवर खूश! काय पण डोकं चालवलं म्हणून.

समोरच्या इमारतीचा पहारेकरी आमचं रोजचं गिऱ्हाईक. दार काही घरून राखता येत नाही, म्हणून तो बिचारा नेमाने यायचा. एका बुधवारी त्याने रस्सा दोनदा मागून घेतला. गुरुवारी आला नाही, शुक्रवारी नाही. सोमवारी आला तो गालफडं बसलेली. तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होता. आत डोकावून अगदी हळू म्हणाला, "मावशी, रागावू नका हं. त्या दिवशी रस्सा जरा आंबला होता का हो? दुसरं काही खाल्लंच नव्हतं मी."

तो गेल्यावर मावशी गल्ल्यापाशी आली. खानावळीत कुणी नव्हतं, तरी मला गाढव म्हणाली नाही.

"खरं सांग. मला हल्ली वास येत नाही का रे? चव घेऊन बघितली होती मी. मला चांगला लागला. म्हणजे मला कळतच नाही आता? माझा हात गेला का रे?"

"मावशी, ते मी केलं." एवढे चारच शब्द, अगदी ओठांवर आले होते. पण त्याच वेळी दुसरं सुचलं. ही आपणहून गेली, तर मला जा म्हणावं लागणार नाही. आणि मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, मावशी. तुझा काय दोष?" वर तिच्या खांद्यावर हातही ठेवला, निर्लज्जासारखा.

"उद्या कुणाचा जीव जायचा माझ्यापायी," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

दोन महिने मी कसेबसे काढले. मग एका रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो. चहा सुनेने केला. मावशी खिडकीपाशी मटार सोलत होती आणि मूठ मूठ दाणे नाकाशी नेऊन हुंगत होती. सून म्हणाली, "आई आता शेगडीला हातच लावत नाहीत. नातीला वाटीभर दूध द्यायचं तरी आधी मला वास घ्यायला लावतात."

मला राहवलं नाही. फ्रिज, डबा, पंधरा दिवस, सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलोसुद्धा. मावशीने मटार बाजूला ठेवले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी मनाला लावून घेतलं म्हणून स्वतःवर घेतोस होय? वेडा कुठला. एवढासा होतास तेव्हापासून बघतेय तुला. असलं काम तुझ्या हातून व्हायचं नाही." मग सुनेकडे वळली. "बघितलंस? मालक आहे हा माझा. अशी माणसं राहिलीत का आता कुठे?"

सून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी पुन्हा सांगायला हवं होतं, ओरडून, शपथ घेऊन सांगायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला गोड वाटलं. मी खाली मान घालून चहा संपवला आणि म्हणालो, "येतो, मावशी."