आधी तेल, मंग बेसन

"हात दाखवा."

त्यांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा नमस्काराच्याही आधी हे ऐकलं. मला वाटलं, बाई भविष्य बघतात की काय. मी हात पुढे केले. त्यांनी दोन्ही तळवे धरले, नाकाशी नेले आणि चक्क हुंगले. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "हे काय लावलं मॅडम? गुलाबाचा वास येऊन राहिला. लेकराच्या तोंडात जाते ते. धुवा."

दाराशी एक स्टूल होतं. त्यावर तेलाची बाटली, बेसनाचा डबा, खाली बादलीत पाणी. "आधी तेल, मंग बेसन, मंग पाणी," त्या म्हणाल्या, आणि मी हात धुतेय की नुसते ओले करतेय हे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी अनुदानाचा अर्ज तपासायला आलेली अधिकारी. पाच मिनिटांनी कोपरापर्यंत बेसन फासून मी त्यांच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखी उभी होते. पास झाले तेव्हाच आत सोडलं.

आत पाळणाघर होतं. कळमन्याच्या बाजारामागे लाल मिरची वाळवून तिची देठं खुडायची मोठी मोकळी जागा आहे, तिला तिकडे सातरा म्हणतात. तिथे दिवसभर बसून देठं खुडणाऱ्या बायांची लेकरं बाई सांभाळत. एक लांबट खोली, छताच्या कड्यांना टांगलेल्या झोळ्या, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. झोळ्यांचं कापड जुन्या सुती लुगड्यांचं होतं. बाई मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. "बापाचा माग मोडला, पण कापड नाही फाटलं अजून," असं त्या झोळी हलवताना सांगायच्या.

देठं खुडणाऱ्या बाईच्या बोटांना मिरची अशी बसते की नुसत्या पाण्यानं ती जात नाही. दुपारी पाजायला आलेली आई कितीही घाईत असो, तिचे हात हुंगल्याशिवाय बाई तिला लेकरू देत नसत. लेकरू आत टाहो फोडतंय, आईचा पान्हा वाहतोय, आणि या दारात आडव्या. "रडू दे. रडून मरत नाही. डोळ्यात मिरची गेली तं रात्रभर रडन." बाया कुरकुरायच्या, हात धुवायच्या आणि पुन्हा हुंगवून घ्यायच्या.

हे त्या कुठे शिकल्या, ते एकदा चहा पिताना कळलं. पूर्वी त्याही सातऱ्यावरच होत्या. "माही पोरगी छातीशी घेतली का आंग आखडून घ्यायची. मले वाटलं, दूधच खराब आहे माहं. सासू म्हणे, नजर लागली. काही नाही वं, माह्या हाताले मिरची होती." एवढं सांगून त्यांनी बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. हे सांगताना त्या मला मॅडम म्हणायचं विसरल्या होत्या, आणि मला ते फार आवडलं होतं.

आमचं फाउंडेशन शहरातल्याच काही सुखवस्तू मंडळींनी मिळून काढलेलं. शहरातल्या छोट्या संस्थांना वर्षभराचं अनुदान द्यायचं, वर्ष संपताना समितीनं जाऊन काम बघायचं आणि पुढचं वर्ष ठरवायचं, ही पद्धत. माझं काम मधल्या माणसाचं. अर्ज लिहायला मदत करायची, भेटी आखायच्या, अहवाल लिहायचा. अर्जात एक रकाना होता, 'आपल्या कार्यक्रमातील अभिनव पद्धती.' मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकरू झोपते, उठते, खाते, हागते. यात अभिनव काय असते वं?" मी लिहिलं, 'सर्वांगीण बालसंगोपन.' त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हे हागण्याले म्हणते का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम चोख, पण ते चोख आहे हे कागदावर दाखवता येत नाही, आणि आपल्यासारख्या कुणावर तरी त्यांना भरवसा टाकावा लागतो. बाईंनी तो माझ्यावर टाकला.

दुसऱ्या वर्षीच्या भेटीत समितीतले एक निवृत्त अधिकारी आले होते. बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यांचे हात मागितले. ते भडकले. "मला काय रोग झालाय?" म्हणून दारातूनच परत फिरले. ते वर्ष मी हातापाया पडून निभावलं. बाईंना मात्र कळेना, यात रागावण्यासारखं काय. "त्यायले रोग नाही झाला, ते मलेही दिसते. पण लेकराच्या डोळ्याले काय माहीत, कोण किती मोठा साहेब आहे?"

म्हणून तिसऱ्या वर्षी मी आदल्या दिवशी फोन केला. "बाई, उद्या ते हात बघणं तेवढं राहू द्या. स्वतः अध्यक्ष येणार आहेत."

"मंग त्यायचे हात कोण पाहीन?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. पुढचं अख्खं वर्ष त्यावर आहे."

पलीकडे एक लेकरू किरकिरलं, त्याला त्यांनी 'उगी, उगी' केलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तं ठीक आहे."

भेटीची आखणी माझीच. आया काय हालात काम करतात हे समितीनं डोळ्यांनी बघावं, म्हणजे पाळणाघराची गरज पटेल, म्हणून मी मंडळींना आधी सातऱ्यावर नेलं. माझी मोठी हुशारीच ती. अध्यक्ष मनानं गोड माणूस. मिरचीचे लालभडक ढीग बघून हरखले, एका बाईशेजारी उकिडवे बसून त्यांनीही चार मिरच्यांची देठं खुडली, एक मिरची मोडून बिया तळव्यावर घेतल्या. सगळ्यांनी फोटो काढले. तिथून आम्ही थेट पाळणाघरात गेलो.

बाई दारात उभ्या होत्या. अध्यक्ष जवळ आले तसे बाईंचे हात आपोआप पुढे झाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी हात मागे नेले आणि पाठीमागे एकात एक घट्ट धरून ठेवले. स्टुलावर तेलाची बाटली होती, बेसन होतं, पाणी होतं. अध्यक्ष त्याच्या शेजारून आत गेले.

दहा महिन्यांची एक मुलगी सतरंजीवर बसली होती. अध्यक्षांनी तिला कौतुकानं उचललं, गालावरून हात फिरवला, अंगठ्यानं डोळ्यातली चिपडं काढली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती पोर अशी किंचाळली की झोळ्यांतली सगळी लेकरं एकदम उठली.

बाईंनी तिला हिसकावूनच घेतलं. तिच्या गालांना तेल लावलं, दुधाच्या बोळ्यानं डोळे पुसत राहिल्या. समितीतल्या डॉक्टरबाईंनी करड्या आवाजात विचारलं, "इतक्या लहान मुलांच्या खोलीत मिरची आलीच कशी?" बाईंनी अध्यक्षांच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन याची त्या वाट बघत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वहीत बघत राहिले.

"माही चूक झाली," बाई म्हणाल्या. "हात पाहाचे राहिले."

त्या खरं तेच बोलल्या. बाकीच्यांनी त्याचा अर्थ लावला, की आयांचे हात बघण्यात कसूर होते. गाडीत बसल्यावर अध्यक्षांनी स्वतःचा डोळा चोळला आणि म्हणाले, "माझाही डोळा चुरचुरतोय हो. त्या खोलीत काय मिरची उडते! लेकरांचं कसं होत असेल?" त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'मिरची अध्यक्षांच्या हातांना होती आणि हात न बघण्याची सूचना माझी होती.' मी ते लिहिलं, वाचलं आणि खोडलं. माझी नेमणूकही वर्षावर्षाचीच होती, आणि तिच्या कागदावर सही अध्यक्षांची. याहून वेगळं कारण मी आजवर शोधते आहे, मला सापडलेलं नाही. बालसुरक्षेचं कारण देऊन समितीनं अनुदान थांबवलं. त्या मुलीचे डोळे दोन दिवसांत बरे झाले, पण ते विचारायला समितीतलं कोणी गेलं नाही.

बाई आता हुडकेश्वरला लेकीकडे असतात असं ऐकते. तीच लेक, अंग आखडून घेणारी. मी अजून त्याच फाउंडेशनमध्ये आहे. हुडकेश्वरला जायचं दर महिन्याला ठरवते आणि जात नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते अनुदान थांबवल्याचं पत्र द्यायला गेले तेव्हा. पत्र टपालानं पाठवता आलं असतं, पण तेवढी तरी लाज शिल्लक होती. वाटेत सातरा लागला. ढिगाजवळ पोत्यांच्या सावलीत डोळ्यांत मिरची गेलेली तीच मुलगी निजवली होती आणि तिची आई देठं खुडत होती. पोरीचं नाक वाहत होतं. आईनं बोटं लांब धरली आणि वाकून आपल्या दंडानं तिचं नाक पुसलं.

खोलीतल्या झोळ्या उतरल्या होत्या. छताला नुसत्या कड्या दिसत होत्या. घरमालकाला तिथे बारदाना ठेवायचा होता, त्यामुळे एका भिंतीशी पोती येऊनही पडली होती. बाई दाराशी बसून लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच पत्र दिलं. त्यांनी ते न वाचता घड्यांमध्ये ठेवलं आणि विचारलं, "चहा घ्याल?"

"बाई, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "पाहिजे होतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चहा ठेवायला त्या उठल्या. दाराशी स्टूल अजून तसंच होतं, तेल, बेसन, बादली, सगळं जागच्या जागी. आत पाऊल टाकण्याआधी सवयीनं मी दोन्ही हात त्यांच्यापुढे केले.

बाईंनी माझ्या तळव्यांकडे पाहिलं, पण ते धरले नाहीत.

"राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "आत कोणी नाही."