चौदा नंबरच्या विहिरीचा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या शोधनिबंधावर माझं नाव झालं, त्याच्या तक्त्यातला चौदा नंबरच्या विहिरीचा आकडा मी मोजलेलाच नव्हता. मनानेच लिहिला होता.

नव्वदीची सुरुवात असेल. मी नगरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो आणि मिरजगावच्या आसपासच्या विहिरींचं पाणी तपासायचो. खतांतून, गोठ्यांतून झिरपणारं नायट्रेट विहिरीत किती उतरतं, हा विषय. त्या शिवारात जमिनीखालून काळ्या दगडाची एक उभी भिंत जाते. ती भिंत नायट्रेट अडवते, असं माझं म्हणणं. तेरा विहिरी भिंतीच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला एकच, चौदावी. म्हणजे सगळा निबंध त्या एका बाटलीवर उभा.

ती बाटली पिशवीत घालून मी एसटीत बसलो आणि उन्हाने डोळा लागला. भिंगारजवळ जाग आली, तर शेजारचे म्हातारबाबा रिकाम्या बाटलीला बूच लावत होते.

"तुमाला झोप लागली हुती मास्तर, म्हनून न्हाई उठवलं. पानी मात्र लई गोड हाय बरं का!"

दुसऱ्या दिवसापासून पेपर तपासायचे होते, निबंध पाठवायची मुदत आठवड्यावर आली होती. गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा आपल्याकडचा हिशोब. नायट्रेटला चवच नसते हे शिकवणारा मी, पण त्या दिवशी मीही तोच लावला. हवा होता तसा छोटा आकडा लिहून टाकला. वर, विहिरीच्या मालकांना निकाल कळवायची माझी पद्धत होती, त्याप्रमाणे एक पोस्टकार्डही धाडलं: पाणी पिण्यास योग्य आहे.

निबंध छापून आला. मग परदेशातून कार्डं यायला लागली, निबंधाची प्रत पाठवा म्हणून. शिपाई ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचायचा. पुण्याच्या ग्रंथालयातल्या जाडजूड सूचीत माझ्या नावाखाली दरवर्षी नव्या ओळी दिसायच्या. कुणी कुणी मला आधाराला घेतलं, त्याच्या. बहुतेक जण नेमकी चौदावी विहीरच उचलायचे. बढती झाली तेव्हा पेढे मीच वाटले. स्वतः खाल्ला नाही.

सहाएक वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी नगरच्या स्टँडवर त्या विहिरीचे मालक भेटले. नातू झाला होता.

"आईला दूध कमी हाय, म्हनून वरचं देतो. पानी आपल्याच हिरीचं घालतो. तुमचं कार्ड हाय ना देवाजवळ ठिवल्यालं!"

नायट्रेट जास्त असलं तर तान्ह्या बाळाचं अंग निळं पडतं. ते गावी निघाले होते, मी त्याच एसटीने त्यांच्याबरोबर गेलो. घरात शिरल्याबरोबर बाळाचे ओठ पाहिले, नखं पाहिली. गुलाबी होती. तरी धीर धरवेना.

"आत्ता आठवन झाली व्हय आमची?" मालकीणबाई म्हणाल्या. "आन् आल्या आल्या पोराची नखं काय बगता? मास्तर हाय का डाक्टर?"

"पाणी पुन्हा तपासायचंय. निकाल येईपर्यंत बाळाला गावच्या नळाचं द्या," एवढंच म्हणालो. कारण सांगायला जीभ रेटली नाही.

परत येताना बाटली मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी पाणी मागितलं. "प्यायचं नाहीये," म्हणालो. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या, ते थेट नगर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत तेच पाणी तीनदा मोजलं. नायट्रेट नावालाच होतं. मी लिहिलेल्या आकड्याहूनही थोडं कमीच. मी स्टुलावर बसलो आणि एकट्यालाच हसू फुटलं. मग डबा उघडला. गार भाकरी आणि मेथी, पण इतक्या चवीने मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.

लगेच नवं कार्ड टाकलं: बाळाला खुशाल द्या. हे मात्र मोजून लिहिलेलं होतं.

पण खरा आकडा हाती आला म्हणून आधीचा मोजलेला होत नाही. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही. आणि मिरजगावला जाऊन त्या दोघांना, पहिलं कार्ड मी पाणी न तपासताच लिहिलं होतं, हे तोंडाने सांगायचं आहे. एवढं मी अजून देणं लागतो.