नवमीला रिकाम्या झालेल्या बाटल्या

मिलिंद वाघमारे गेल्याला पाच आठवडे झाले. मलकापूरहून त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. त्याच्याकडून मला बोलणी खायची होती, आणि ती न सुनावताच हा गृहस्थ निघून गेला...

आम्ही दोघं सांगलीत औषधनिर्माण शिकवायचो. मी विभागप्रमुख, पण डोकं त्याचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एक खूळ डोक्यात घेतलं. न जुळणाऱ्या हाडात कमरेच्या हाडातला मगज सुईनं सोडला, तर त्यातल्या मूळपेशी नवं हाड धरू शकतात, असं तेव्हा कानावर येत होतं. पण जिथं पू आहे तिथं त्या पेशी तगत नाहीत, आणि पोटातून दिलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. म्हणून मिलिंदनं प्लास्टरच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. आत जंतुनाशक, वर पातळ थर. गोळी हाडातच ठेवायची आणि तिनं औषध थोडं थोडं सोडायचं. पहिल्या गोळ्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या. मग वर्षभर तो थर जाड-पातळ करत बसला. मी वैतागायचो, "सोड की आता." तो म्हणायचा, "घाई गोळीला हाय गड्या, मला न्हाई."

आटपाडीचा ज्ञानू गवंडी परांचीवरून पडला होता. मोडलेली नडगी वर्षभर वाहत होती. मिलिंदला भेटला की एकच विचारायचा, "सर, पाय ऱ्हाईल न्हवं?" त्याचे डॉक्टर गोळी वापरायला तयार होते, पण गोळी सहा आठवडे औषध सोडते याचा तक्ता आधी हातात हवा, म्हणाले. मिलिंदनं गोळ्या पाण्याच्या बाटल्यांत घालून अंगाइतक्या उबेच्या पेटीत ठेवल्या. रोज सकाळी दहाला पाणी काढून त्यात उतरलेलं औषध मोजायचं, नवं पाणी घालायचं. चार आठवडे सगळं मनासारखं चाललं.

मग दसरा आला. दरवर्षीप्रमाणे तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघाला. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "दहाला पाणी, तेवढं इसरू नगंस."

विसरलो. खंडेनवमीची पूजा होती. "सगळं काचसामान घासूनपुसून मांडा," असं सांगून किल्ली शिपायाकडे दिली आणि मी झेंडू आणायला गेलो. परत आलो तर बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू. गोळ्या मोरीत गेल्या होत्या.

मिलिंद परत आला. एका बाटलीवरचं कुंकू त्यानं अंगठ्यानं पुसलं, "लय लख्ख घासल्यात," म्हणाला आणि नव्या गोळ्या तोलायला बसला. मी डॉक्टरांकडे जाऊन हातापाया पडलो. ते म्हणाले, अर्ध्या तक्त्यावर मी माणसाच्या पायात काही ठेवणार नाही. नव्या तक्त्याचे सहा आठवडे भरले, गोळी शेवटपर्यंत पुरली. पण त्याआधीच ज्ञानूचं अंग तापायला लागलं होतं आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. गोळी असती तर पाय राहिलाच असता का, कोण जाणे. निदान ठेवून पाहता आली असती. त्यानंतरची सगळी वर्षं मिलिंद माझ्यासमोर बसून चहा प्यायला, आणि नवमीचं नाव एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मी मोकळा झालो असतो. चांगुलपणाचा असा संताप मला कधी आला नव्हता.

मलकापूरला त्याच्या घरी गेलो तेव्हा ओट्यावर कुबड्या टेकवून ज्ञानू बसला होता. शेजारी जागा करून देत म्हणाला, "आवं, लय मोठा मानूस. सोता आटपाडीला आलं हुतं. म्हनलं, ज्ञानू, माज्या हातनं बाटल्या सांडल्या, मला माफ कर. मी तर कवाच माफ केलं."

मी मान हलवली. तिथंही खरं सांगितलं नाही. घरी आलो आणि आता हे लिहिलं, सगळं, जसं झालं तसं. पण ज्ञानूला वाचता येत नाही. आटपाडीला जावंच लागेल.