कुसुमताईंची पद्मिनी

चिंचवडच्या त्या गल्लीत कुसुमताई गायकवाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी गाडी यायची, मग बाई. आकाशी रंगाची जुनी पद्मिनी, मागच्या सीटवर डब्यांच्या पिशव्या आणि स्टिअरिंगमागे नऊवारीतली नव्हे, साध्या गोल साडीतली, पदर कमरेला खोचलेली बाई. चाकणला नव्या कंपन्या उभ्या राहात होत्या तेव्हा एकट्या पोरांना घरचं जेवण कोण देणार? कुसुमताईंनी दिलं. गाडीच्या सीटांना आमटीचा वास लागला तो कायमचाच.

ही माणसं मूळची औशाकडची. यजमान उद्धवराव भोसरीच्या कारखान्यात लागले आणि बिऱ्हाड इकडे आलं. आयुष्यभर ते कंपनीच्या बसने गेले-आले. गाडी चालवायला ते कधी शिकलेच नाहीत. जुनी पद्मिनी घ्यायचं ठरलं त्या दिवशी त्यांना फर्स्ट शिफ्ट होती, रजा मिळेना. म्हणून कुसुमताई एकट्याच गेल्या, सही केली, आणि आरसी बुकावर नाव लागलं ते त्यांचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण घर उद्धवरावांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, लाईटबिल त्यांचं, खानावळीची पाटीसुद्धा ‘उद्धव भोजनालय’. या शहरात कुसुम उद्धव गायकवाड असं मालक म्हणून लिहिलेली वस्तू एकच होती, आणि तिला चार चाकं होती.

खानावळ बंद झाली तरी गाडी राहिली. मग मागच्या वर्षी चाकणच्या कांदा मार्केटबाहेर कुसुमताईंनी ती सावलीत लावली आणि आत गेल्या. तेवढ्यात हँडब्रेक न लावलेला, कांद्यांनी भरलेला एक ट्रक उतारावरून मागे आला आणि पद्मिनीवर टेकला. बाहेर येऊन बघतात तर गाडी कांद्यांत बुडालेली. वाऱ्यावर गुलाबी पापुद्रे तरंगत होते, एकेक करून टपावर उतरत होते. इतकं शांत, इतकं सुंदर दिसत होतं सगळं, की काय झालंय ते कळायला त्यांना वेळच लागला.

विमा कंपनीचा माणूस बघून गेला आणि टोटल लॉस म्हणाला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. हिंजवडीत नोकरीला असलेल्या दिपालीने, त्यांच्या लेकीने, सगळं मोबाईलवर उरकलं.

“आई, इथे सही कर. आणि या दोन फॉर्मवर.”

“यावर तर काहीच लिहिलेलं नाही गं.”

“ते नंतर भरतात. गाडी संपली आई आता. जीव वाचला म्हण.”

कुसुमताईंनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, आरसी दिलं, चावी दिली. घरी येऊन देवापुढे दिवा लावला. आणि त्या दिवसापासून त्यांना दुपारच्या डुलकीत गाडी दिसायला लागली. आवाज नाही, कुणी चालवत नाही, मोशीच्या पुलावर धुकं, आणि त्यातून पद्मिनी पाण्यावरून जावी तशी चाललेली. त्या हाक मारायच्या, ती हळू व्हायची, पण थांबायची नाही.

आठवडा गेला असेल, चाकणहून फोन आला.

“गायकवाड ताई का? मी ज्योतीराम. भंगारवाला म्हना. तुमची गाडी माझ्याकडं हाय, विमावाल्यांकडनं घेतलेली. देव राहिलाय तुमचा तीत.”

कुसुमताईंना लख्ख आठवलं. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती! रोज निघताना ज्याला उदबत्ती ओवाळली, त्यालाच त्या विसरून आल्या होत्या.

“आमच्या यार्डाचा रिवाज हाय,” ज्योतीराम म्हणाला, “मालकानं आपल्या हातानं देव हलवल्याबिगर गाडीला कापायचा गॅस लावत न्हाई. सोमवारपात्तुर या. मग चॅसिसचा नंबर कापून आरटीओला द्यायचा, की नाव रद्द.”

“आणि नंबर कापला की?”

“मग ती गाडी न्हाई ताई. पत्रा.”

दुसऱ्या दिवशी रुमालात अक्षता बांधून कुसुमताई निघाल्या. उद्धवरावही बरोबर आले. “देवाला आणायचंय, मी नुसता सोबतीला,” असं म्हणत रिक्षात बसले.

यार्डात दारं एकीकडे, काचा दुसरीकडे, मधून गवत वाढलेलं. पद्मिनी एका बाभळीखाली उभी होती. मागची बाजू दुमडून गेलेली, तोंड मात्र जसंच्या तसं. कुसुमताई आत बसल्या. अक्षता हातात घेतल्या. देव हलवताना जे म्हणतात ते त्यांना पाठ होतं. दरवर्षी घरच्या गणपतीला म्हणत आल्या होत्या. आता निघावं, आणि पुन्हा यावं.

पुन्हा यावं. कुठे?

त्या तशाच बसल्या. काचेवरून बाभळीची सावली हलत होती, आणि बराच वेळ असं वाटत राहिलं की झाड जागेवर आहे आणि गाडीच हळूहळू पुढे चालली आहे. मग त्यांनी अक्षता परत रुमालात बांधल्या.

“ज्योतीराम, गाडी मला परत दे. काय होईल ते सांग.”

“ओ ताई! लोकं भंगार द्यायला येत्यात माझ्याकडं, न्यायला न्हाई.”

“कुसुम,” उद्धवराव खिडकीतून वाकून म्हणाले, “तिला मागची बाजूच राहिली नाही गं.”

“तुम्ही मागे बसताच कशाला? पुढे बसा.”

ज्योतीराम हसला, आत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. त्यात आरसी होतं आणि ते दोन फॉर्म, खरेदीदाराचं नाव अजून कोरंच. “कापायची गाडी, नाव कशाला चढवत बसू? कागदावर अजून तुमचीच हाय.”

“म्हणजे स्वतःचीच गाडी विकत घेणारी बाई मी आज पाहिली,” उद्धवराव म्हणाले. ज्योतीरामने व्यवहाराची पावती केली आणि कोरे फॉर्म कुसुमताईंच्या समोर फाडले. हिशोब त्याने सरळ केला, जास्तीचं काही लावलं नाही.

पण फॉर्म फाडून भागणार नव्हतं. आरटीओच्या खिडकीतली मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, “काकू, विमा कंपनीने टोटल लॉस कळवलंय. नंबर लॉक झालाय. गाडी दुरुस्त करा, कंपनीचं पत्र आणा, साहेब तपासतील. चॅसिस नंबर जुळला तरच लॉक निघेल. नाहीतर रद्द.”

भोसरीच्या शेखर मिस्त्रीने दुसऱ्या एका पद्मिनीची पाठ आणून हिला जोडली. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीही गेली. कंपनीच्या पत्रासाठी दिपाली रोज मेल करायची. “आई, तू ना,” एवढंच म्हणायची आणि पुन्हा मेल करायची. विचारलं कुणी तर कुसुमताई सांगायच्या, “होईल. गणपतीला बसायला जागा त्यानेच बघायची आहे.” रात्री मात्र एकच धास्ती असायची. इतक्या वर्षांत गंजाने चॅसिसचा नंबर खाल्ला असेल तर?

तपासणीचा दिवस उजाडला. मोकळ्या मैदानावर गाड्यांची रांग, ऊन कोवळं. साहेबांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं.

“इथे तर काही दिसत नाही, काकू. गंज आहे नुसता.”

उद्धवराव पुढे झाले, “साहेब, पुसून बघा की जरा. घाई कुणाला आहे?”

साहेबांनी फडकं फिरवलं, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासायला लागले. कागद काळा होत गेला. काहीच नाही. मग काळ्यातून पांढरी रेघ उठली, तिला वळण आलं, एक आकडा झाला. मग दुसरा. कुसुमताई वाकून बघत होत्या. नाव घेतल्यावर झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा एकेक आकडा वर येत होता. एका ठिकाणी साहेब थांबले, कागद उन्हात धरला, आरसीशी ताडून पाहिला, परत घासला.

“आहे,” ते म्हणाले. “तीन आहे तो. जुळतंय.”

त्यांनी शेरा लिहिला आणि उद्धवरावांकडे वळले. “मालक, एक फेरी मारून दाखवा. ब्रेक बघतो.”

“मालक त्या,” उद्धवराव म्हणाले, आणि बाजूला झाले.

कुसुमताईंनी पदर खोचला. इंजिन आधी खोकलं, मग लागलं. मैदानाच्या कडेने पद्मिनी निघाली, धुळीचा पातळ पडदा मागे ठेवत. बाहेरचे आवाज लांब गेले. हात सुटे पडले, खांदे सैल झाले. फेरी पुरी झाली तेव्हा साहेबांनी हात वर केला, “बास, काकू! झालं! थांबवा!”

त्यांना ऐकू आलं होतं. तरी त्यांनी आणखी एक फेरी मारली, आणि मग थांबल्या.