बेस्ट ते टिलबर्ग : ज्वारीच्या पिठासाठी एक बुधवार

माझा नवरा निखिल कामानिमित्त तीन आठवड्यांसाठी तैवानला गेला आणि चौथ्या दिवशी घरातलं ज्वारीचं पीठ संपलं. एरवी ही ब्लॉगवर लिहिण्यासारखी गोष्ट नाही. पण आमच्या पाच वर्षांच्या ओजसला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुण्यात, दोन वर्षांचा असताना, शेजारी चिक्कीचा एक तुकडा त्याच्या तोंडात गेला आणि दहा मिनिटांत ओठ सुजून त्याला श्वास घेता येईना. तेव्हापासून पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय आमच्या घरात काही येत नाही.

इथे ती मागची बाजू डचमध्ये असते. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सुपरमार्केटमध्ये 'पिंदाकास' नावाची बरणी टोपलीत टाकली होती. 'कास' म्हणजे चीज, एवढं मला समजायला लागलं होतं. रंग तपकिरी होता, पण या देशात तसंही चीज असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. निखिलने काउंटरवर बरणी पाहिली आणि ती परत ठेवून आला. पिंदा म्हणजे शेंगदाणा. पीनट बटरला हे लोक शेंगदाण्याचं चीज म्हणतात. त्या दिवसापासून माझा माझ्याच वाचण्यावर विश्वास राहिला नाही.

आम्ही राहतो ते बेस्ट हे आइंडहोवनला चिकटलेलं गाव. आइंडहोवनमध्ये ज्वारीचं पीठ मिळतं, पण तिथल्या पाकिटावर 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' असं लिहिलेलं. मराठी ग्रुपवरच्या शलाकाताईंनी सांगितलं, "टिलबर्गला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर एक सुरिनामी बाईंचं दुकान आहे. त्यांच्याकडचं पीठ वेगळ्या गिरणीचं असतं. आणि विचारलं तर त्या नीट सांगतात."

म्हणून बुधवारी निघाले. बुधवारी ओजसची शाळा साडेबाराला सुटते, हे माहीत असूनही. इतर दिवशी मला डच क्लास असतो.

जाणाऱ्यांसाठी माहिती : बेस्टचं स्टेशन जमिनीखाली, बोगद्यात आहे. सायकल वर लावायची. तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड चढताना आणि उतरल्यावर यंत्राला लावायचं. एका बाजूचे सात-आठ युरो जातात. अर्ध्या तासाने एक लोकल असते आणि ती बॉक्स्टेल, ऑइस्टरवाइक करत साधारण पंचवीस मिनिटांत पोचते. ऑइस्टरवाइकच्या आसपास खिडकीतून झाडी सुंदर दिसते म्हणतात. मी घड्याळाकडे बघत होते.

दुकान लहान. दारातच कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता, त्यापलीकडे हातभर लांब चवळीच्या शेंगा. मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांची हिंदी भोजपुरीसारखी, मध्येच डच. त्यांचे पणजोबा आपल्याकडून मजूर म्हणून बोटीने सुरिनामला, तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले होते आणि त्या स्वतः तरुणपणी इथे आल्या. मी पीठ मागितलं आणि ॲलर्जीचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पाकीट उलटं केलं आणि बोट ठेवून सगळं वाचलं.

"ये ठीक है, बेटी."

मग माझ्या टोपलीतली लसणाची चटणी स्वतःच उचलली. तिच्यावरचं इंग्रजी डच स्टिकरखाली झाकलं गेलं होतं. "इसमें पिंदा है. बच्चा को मत देना."

ती मी आधी फोनच्या कॅमेऱ्याने तपासली होती. मला वाटतं, मी दुसऱ्याच पाकिटाचं भाषांतर वाचलं. मी टोपलीतली बाकीची पाकिटं उलटसुलट करून बघायला लागले. त्यांना ते दिसलं असावं. मग त्यांनी माझी सगळी टोपली एकेक करून तपासली. पोहे, हिंग, गूळ, सगळं. त्यात वीस मिनिटं गेली आणि माझी ठरलेली गाडी चुकली.

पुढची गाडी मला बारा दहाला बेस्टला सोडणार होती. तरीही वेळ होता. पण बॉक्स्टेलला ती थांबली आणि थांबूनच राहिली. घोषणा डचमध्ये झाली. मला त्यातला 'मिनिटं' एवढा एकच शब्द कळला. किती मिनिटं, ते नाही कळलं. समोरच्या आजोबांना विचारलं तर ते इंग्रजीत म्हणाले, "सिग्नल. काळजी करू नका, असं होतं."

फोन काढायला पिशवीत हात घातला. तो मेथीच्या जुड्यांखाली गेला होता. शाळेचे दोन मिस्ड कॉल होते आणि एक व्हॉइसमेल. त्यात पाठीमागे मुलांचा गलका आणि ओजसच्या वर्गाच्या बाईंचा आवाज, इंग्रजीत, "ओजसच्या आई, वर्गात वाढदिवस आहे. खाऊबद्दल विचारायचं होतं. कृपया फोन करा."

मी चार वेळा फोन केला. कोणी उचलला नाही.

इथे वाढदिवसाच्या मुलाने अख्ख्या वर्गाला खाऊ वाटायचा असतो, हे मला माहीत होतं. शाळेत ओजसचं, ॲलर्जीचा झटका आला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन ठेवलेलं आहे, तेही मीच दिलं होतं. पण ते कसं टोचायचं ते मी नीट दाखवलं होतं का? निळं टोपण काढायचं आणि केशरी टोक मांडीला टेकवायचं, हे मी उलटसुलट तर सांगितलं नाही? बारा मिनिटं गाडी उभी होती आणि मी डोळ्यांपुढे ते पेन पुन्हा पुन्हा धरून बघत होते. पीठ आणायला दुसऱ्या गावी जायची काय गरज होती, हा प्रश्न आईच्या आवाजात, सासूबाईंच्या आवाजात आणि शेवटी माझ्याच आवाजात ऐकू येत होता.

बेस्टला उतरले, जिना चढले, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवल्या आणि सायकल हाणली. एका वळणावर गुळाची ढेप रस्त्यावर पडली. मी थांबले नाही.

शाळेच्या फाटकाशी बाकीचे पालक उभे होते. मुलं बाहेर येत होती. ओजस आपल्या बाईंचा हात धरून आला. मी आधी त्याचे ओठ पाहिले, मग डोळे. मग पुरळ उठलंय का म्हणून हाताच्या आतली बाजू.

"आई, मी कप-केक नाही खाल्ला," तो म्हणाला.

बाई तरुण आहेत, आमच्याशी इंग्रजीत बोलतात. म्हणाल्या, "तुमचा फोन लागला नाही, म्हणून मी त्याला द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मी काही बोलायच्या आत त्यानेच त्या मुलीच्या आईला सांगितलं. 'इक माख खेन पिंदा.' मला शेंगदाणे चालत नाहीत. त्या म्हणाल्या, यात आहेत. मग आम्ही त्याला डब्यातले बेदाणे दिले."

मला हसायचं होतं, पण मी तिथेच, सगळ्या पालकांसमोर, सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओजस म्हणाला, "घरी जाऊया ना."

दुपारी भाकरी केली. पीठ छान होतं, एकही भाकरी चिरली नाही. तुम्ही जाणार असाल तर बुधवार सोडून जा, आणि फोन खिशात ठेवा. त्या बाईंचं दुकान नक्की बघा.

माझी भीती कमी झाली का? नाही. पुढच्या वेळीही मी पाकीट तीनदा वाचणार. पण आजवर मला वाटत होतं, की त्याच्या आणि शेंगदाण्याच्या मध्ये उभी राहणारी मी एकटीच आहे. त्या बुधवारी मी बॉक्स्टेलला गाडीत अडकलेली असताना तिथे बाई उभ्या होत्या, आणि तो स्वतः उभा होता. याचा आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य यायला नको होतं.

जेवताना मी त्याला म्हटलं, "मलाही शिकव. इक माख गेन पिंदा."

त्याने भाकरीचा घास खाली ठेवला. "गेन नाही, आई. खेन. घशातून म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्याने मान हलवली. "अजून एकदा," तो म्हणाला.