मयुराताईंनी माइक बंद केला

मयुरा देवघरेच्या योगवर्गात क्षणभरही शांतता नसायची. त्रिमूर्तीनगरच्या समाजभवनात रोज सकाळी ती कानाला माइक लावायची आणि वर्ग संपेपर्यंत बोलत राहायची. श्वास कधी घ्यायचा, टाच कुठे ठेवायची, मनात काय आणायचं, सगळं ती सांगायची. अधूनमधून विनोदही करायची. ‘मॅडमचा आवाजच औषध आहे,’ असं कोणी म्हटलं की तिचा दिवस छान जायचा. आपण गप्प बसलो तर लोक कंटाळतील आणि येणं सोडतील, अशी तिला पहिल्यापासून भीती होती.

गोपाळराव लांजेवार मागच्या रांगेत बसायचे. हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला हा उंच, अबोल माणूस नेहमी जरा मागे असायचा. सगळ्यांचे हात वर गेले की मग यांचे जायचे. वळायचं असलं की हे आधी शेजाऱ्याकडे बघायचे.

“काका, इकडेतिकडे पाहू नका. लक्ष स्वतःकडे ठेवा,” मयुरा माइकवरून म्हणायची. ते मान हलवायचे आणि पुन्हा शेजाऱ्याकडे बघायचे.

एका सकाळी शवासनात सगळे डोळे मिटून पडले होते. गोपाळराव मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी मान वळवून बघत होते. मयुरा त्यांच्यापाशी गेली आणि स्वतःच्या डोळ्यांवरून हात फिरवून तिनं खूण केली. त्यांनी निमूटपणे डोळे मिटले.

थोड्या वेळानं तिनं उठायला सांगितलं. सगळे उठून बसले, चटया गुंडाळू लागले. गोपाळराव तसेच पडून होते, हात अंगाशी नीट ठेवून.

“काकांना शवासन फारच लागलं बरं का,” मयुरा माइकवर म्हणाली, “कोणीतरी चहा आणा, त्याशिवाय उठत नाहीत!”

सगळा हॉल हसला. शेजाऱ्यानं खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. सगळे बसलेले, सगळे आपल्याकडे बघून हसताहेत, हे त्यांना दिसलं. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. चटई तिथंच राहिली.

पुढे ते आलेच नाहीत. काही दिवसांनी त्यांची बायको रुख्मिणीबाई चटई न्यायला आली.

“काकांची तब्येत बरी नाही का?” मयुरानं विचारलं.

“तब्येत बरी आहे वं बाई. पण त्यायले नीट ऐकू येत नाही ना. पत्रा ठोकायच्या मशीनपाशी जिंदगी गेली, कान गेले. तुमाले सांगितलं नाही काय त्यायनं?”

“नाही.”

“लाज वाटते म्हणते. बाजूच्याचं पाहू पाहू करत होते. मले म्हणे, तिथं चार माणसं भेटतात, बोलावं लागत नाही, बरं वाटते.”

बघू नका, असं आपणच रोज बजावत होतो. तो माणूस बघत होता म्हणून तर टिकून होता.

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. गोपाळरावांनी खुर्ची पुढे केली, बायकोला चहा टाकायला सांगितला. “चूक माहीच आहे मॅडम. सांगायले पाहिजे होतं मी,” ते म्हणाले. त्या विनोदाबद्दल बोलायचं म्हणून ती आली होती, पण तेवढंच जमलं नाही. चहा पिऊन ती परतली. आपल्या चुकीचं ओझंही त्यांनीच उचललं, या विचारानं तिला रस्ताभर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं माइक लावलाच नाही. सगळ्यांना दिसेल अशी पुढे सतरंजी अंथरून, तिच्यावर उभी राहून ती प्रत्येक आसन आधी स्वतः करून दाखवू लागली. अगदी लागेल तेवढंच बोलायची.

“मॅडम, घसा बसला काय?” पुढच्या रांगेतल्या करिष्मानं विचारलं. काही जण कुरकुरले, दोघीतिघी दुसऱ्या वर्गाला गेल्या. स्वतः गप्प राहणं मयुरालाही जड जात होतं. पण बोलणं थांबलं तसं तिला दिसायला लागलं. मधल्या रांगेतल्या यमुताईंचा गुडघा थरथरत होता. करिष्मा श्वास कोंडून धरत होती. हे आधीही असंच होत असणार. आपण बोलण्याच्या नादात कोणाकडे पाहिलंच नाही, हे तिला फार लागलं.

‘आता मी करून दाखवते, काकांना पाठवा,’ असा निरोप तिनं रुख्मिणीबाईंना दिला. बऱ्याच दिवसांनी गोपाळराव आले. मयुरानं त्यांना पहिल्या रांगेत जागा दिली. त्या दिवशी त्यांचे हात सगळ्यांबरोबर वर गेले.

वर्ग संपल्यावर ती त्यांच्याजवळ गेली. “काका, त्या दिवशी मी तुमची थट्टा केली. माफ करा,” ती पुटपुटली.

“काय?” त्यांनी कान पुढे केला.

लोक अजून चटया गुंडाळत होते. मयुराचे कान तापले. तिनं आवाज चढवला, “त्या दिवशी मी तुम्हाला हसले! माझं चुकलं!”

चटया गुंडाळणारे वळून बघू लागले. गोपाळरावांनी मान हलवली.

“हसले तर सगळेच,” ते म्हणाले. “तुम्ही हसल्या ते मले लागलं.”

मग त्यांनी चटई काखेत मारली. दारापाशी थांबून, “उद्या येतो,” म्हणाले आणि गेले. बाकीचेही गेले, तरी मयुरा रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीची घडी घालत राहिली. ते उद्या येणार होते, याचा तिला आनंद झाला होता, पण ‘तुम्ही हसल्या ते मले लागलं’ हे मनातून जात नव्हतं आणि घातलेली घडी ती पुन्हा पुन्हा उलगडत होती.